पुंडलीकाची वाट आणि आपली कार्तिकी

वारकरी सज्जनहो, प्रबोधिनी एकादशी जवळ आली की गडचांदूर, कोरपना, राजुरा या भागात घरोघर पंढरीचा विषय निघतो. कापूस वेचणीला आलेला असतो, सोयाबीनची रास घरात पडत असते. तरी कोणी जीप ठरवतो, कोणी एस. टी.ची चौकशी करतो. त्याच वेळी एक प्रश्न मनात येतो, पण तो कोणी मोठ्याने बोलत नाही. म्हाताऱ्या आईबापांना न्यायचे की घरी ठेवायचे? या महिन्याच्या पाठात त्याचाच विचार करू.

पुंडलीकाची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ती मुळात एका प्रवासाची कथा आहे, हे मात्र ध्यानात राहात नाही. पुंडलीक काशीला निघाला होता. तो पत्नीसह घोड्यावर, आणि वृद्ध आईबाप मागे पायी. वाटेत कुक्कुटऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. काशीची वाट विचारली, तर ऋषी म्हणाले, आम्ही काशी पाहिलेली नाही. एवढा ऋषी आणि काशी ठाऊक नाही, म्हणून पुंडलीकाने नाक मुरडले. पण पहाटे त्याने काय पाहिले? मलिन वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला आणि निघताना त्या तेजस्वी होऊन निघाल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. लोकांची पापे धुऊन येणारा मळ त्या या मातृपितृभक्ताच्या अंगणात टाकीत होत्या. पुंडलीकाचे डोळे उघडले ते तेथे.

आता बारकाईने पाहा. पुंडलीक तीर्थाला जात नव्हता असे नाही, जातच होता. आईबापांना घरी टाकले होते असेही नाही, बरोबर नेले होते. मग दोष कोठे? घोड्यावर कोण बसले, यात. आज मोटारीत सर्वांना बसायला जागा मिळते, म्हणून आपण या दोषातून सुटलो असे वाटते. पण घोडा म्हणजे वेग. गडचांदुराहून पंढरपूर पाचशे किलोमीटरांहून अधिक. तरणा मुलगा म्हणतो, रातोरात पोचू. आणि मागे बसलेला बाप गाडी थांबवावी लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही! सांगा बरं, घोड्यावर कोण आहे?

म्हणून आमचे सांगणे असे की, प्रवासाचे माप वृद्धांच्या शरीराने घ्यावे. कोरपना, आदिलाबाद या वाटेने पहिला मुक्काम नांदेडला करावा. गोदामाईचे दर्शन होते. दुसरा अंबाजोगाईस, तेथे योगेश्वरी आहे, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाधी आहेत. तिसऱ्या दिवशी बार्शीच्या भगवंताला नमस्कार करून कुर्डुवाडीमार्गे पंढरी. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, त्यांनी न सांगता थांबवावी. शरदात दुपारचे ऊन पित्त वाढवते आणि पहाट गारठ्याची असते. म्हणून उन्हात विसावा घ्यावा आणि पहाटे अंगावर घोंगडी असावी.

शंका : रांगेत उभे राहवत नाही, मग वारी पदरात कशी पडणार?
समाधान : यात्राकाळात देवाचा पलंग काढतात आणि दर्शन अहोरात्र चालते, तरी पदस्पर्शाची रांग पुष्कळ तासांची होते. मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तीही झेपत नसेल तर महाद्वारी नामदेव पायरीवर माथा टेकावा, कळस पाहावा. समोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना त्या काळी आत येऊ दिले नाही. पण त्यांना देव भेटला नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? मात्र आईला पायरीपाशी एकटी सामान राखायला बसवून आपण रांगेत जाऊ नये. पाळीपाळीने जावे.

शंका : एकादशीला औषधाच्या गोळ्या घ्याव्या का?
समाधान : अवश्य घ्याव्या. पाणी, मुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्रच सांगते. साखरेचा आजार असलेल्या वृद्धाने निर्जळी उपवासाचा हट्ट धरू नये. काय खावे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शंका : आईच म्हणते, "मी कायले येऊ? तुमाले माह्यी अडचण व्हते." मग?
समाधान : ते ऐकून "बरं" म्हणून निघून जाऊ नये. पुन्हा विचारावे. आपला भार होईल या भयाने ती बोलते; तिची इच्छा वेगळी असते.

शंका : आणि खरोखरच अंथरुणाला खिळलेले असतील तर?
समाधान : तर घरीच राहावे. वारी चुकली असे मानू नये. पुंडलीक सेवेत होता म्हणून देव स्वतः दारी आला. आणि आल्यावरही पुंडलीक उठला नाही, वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. देव रागावला का? अजून उभा आहे. त्या वर्षी अंथरुणाशेजारी बसून हरिपाठ म्हणावा, आईच्या हातात टाळ द्यावा.

आपल्या जयघोषात विठ्ठलाच्या आधी पुंडलीकाचे नाव येते. चंद्रभागेच्या वाळवंटातही आधी पुंडलीकाचे दर्शन आणि मग राउळाची वाट, असा क्रम आहे. या क्रमाचा अर्थ आपल्या घरातून निघतानाच पाळावा. यंदा गाडी ठरवाल, तेव्हा किती वाजता पोचणार हे चालकाला विचारण्याआधी आईला विचारा, "माय, तुले कुठं कुठं थांबाचं हाय?"

राम कृष्ण हरि.