कळफलकावर नसलेली अक्षरे

खालील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

सह्याद्रीच्या दऱ्या खोल आहेत.
कोकणचा दर्या खोल आहे.

पहिल्या वाक्यातील ‘दऱ्या’ हे ‘दरी’ या शब्दाचे अनेकवचन आहे. दुसऱ्या वाक्यातील ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा दुसरा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. तो फारसीतून आला आहे. फारसीत त्याचा अर्थ समुद्र असा आहे आणि मराठीने तोच अर्थ ठेवला. तुमच्या उर्दूत मात्र ‘दरिया’ म्हणजे नदी.

आता या दोन शब्दांकडे नीट पाहा. दोन्हींत ‘र’ आहे, दोन्हींत ‘या’ आहे. पण ‘दर्या’मध्ये ‘र’ हा रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’मध्ये तो ‘या’च्या आधी लहानशा वक्र रेघेने दाखवतात. एवढ्याशा रेघेने डोंगराचा समुद्र होतो. लग्नघरात ‘आचाऱ्याला बोलवा’ असे लिहायचे असते. तिथे चुकून ‘आचार्याला बोलवा’ असे लिहिले, तर स्वयंपाक करणारा यायचा राहील आणि दारात गुरुजी उभे राहतील!

वहीत लिहिताना ही रेघ सहज काढता येते. संगणकावर लिहिताना मात्र पुष्कळांना ती सापडत नाही. मग ते ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ लिहून मोकळे होतात. वाचणारा समजून घेईल, असे त्यांना वाटते. पण वाचणाऱ्याने का म्हणून समजून घ्यावे? अक्षर संगणकात आहे. ते कुठे आहे आणि कागदावर कसे आणायचे, एवढेच आपल्याला शिकायचे आहे.

संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. पूर्वी निरनिराळ्या कंपन्या आपापल्या सोयीने क्रमांक देत असत. त्यामुळे एका संगणकावरचे मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसे. हा गोंधळ मिटावा म्हणून जगातील सर्व लिप्यांसाठी एकच क्रमांकपद्धती तयार करण्यात आली. तिचे नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात सतत भर पडत गेली आणि २०२४ साली तिच्यातील अक्षरांची व चिन्हांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. कळफलकावर कळा असतात जेमतेम शंभर. तेव्हा बहुतेक अक्षरे कळफलकावर दिसणार नाहीत, हे उघडच आहे.

क्रमांक आणि आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उर्दू शिकणाऱ्याला हे लवकर समजेल. ‘जीम’ हे अक्षर नस्खमध्ये एका वळणाने लिहितात, नस्तालीकमध्ये दुसऱ्या वळणाने. पण जीम ती जीमच. संगणकात तिचा क्रमांक दोन्हीकडे एकच असतो, फक्त वळण बदलते. या वळणाला संगणकाच्या भाषेत फाँट म्हणतात. नस्तालीकचे वळण यंत्रात बसवणे फार अवघड होते. म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिब हाताने लिहीत असत. मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांचे हजारो तुकडे लिहून ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. १९८१ साली पाकिस्तानातील ‘जंग’ हे दैनिक त्या वळणात निघू लागले.

कधी कधी अक्षराच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. तो पाहून घाबरू नका. अक्षराचा क्रमांक तिथे आहे, पण निवडलेल्या फाँटमध्ये त्याची आकृती नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाँट बदलून पाहा.

आता प्रत्यक्ष काम. विंडोज असलेल्या संगणकात ‘कॅरॅक्टर मॅप’ नावाचा छोटा कार्यक्रम असतो. स्टार्टच्या यादीत त्याचे नाव शोधून तो उघडा. लहान लहान चौकोनांत मांडलेली अक्षरे दिसतील. वरच्या पट्टीत फाँट निवडा. हव्या त्या अक्षरावर टिचकी मारा. मग ‘सिलेक्ट’ आणि त्यानंतर ‘कॉपी’ हे बटण दाबा. आपल्या लेखनात परत या आणि ‘पेस्ट’ करा. अक्षर आले! अक्षर निवडले की खिडकीच्या तळाशी त्याचा क्रमांक व इंग्रजी नाव दिसते. काही चिन्हांसाठी तिथे कोणत्या कळा दाबायच्या तेही लिहिलेले असते. उदाहरणार्थ, तापमानाच्या अंशाचे चिन्ह (°) हवे असेल तर ऑल्ट ही कळ दाबून धरायची आणि उजवीकडच्या अंकांच्या कळांवर ०१७६ हे आकडे दाबायचे. अर्ध्यासाठी (½) ०१८९ आणि गुणाकाराच्या चिन्हासाठी (×) ०२१५. गुणाकारासाठी इंग्रजी एक्स वापरण्याची सवय अनेकांना आहे. गणिताच्या वहीत ती चालत नाही, मग छापील प्रश्नपत्रिकेत का चालावी?

वर्ड या कार्यक्रमात आणखी सोपी वाट आहे. ‘इन्सर्ट’ या यादीतील ‘सिम्बॉल’ निवडले की तशीच चौकोनांची पाटी उघडते. क्रमांक पाठ असेल तर तेवढेही करावे लागत नाही. इंग्रजी आकड्यांत ०९३३ लिहा आणि लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबा. आकडे जाऊन ‘ळ’ येईल. ०९३१ लिहून तसेच केले तर ‘ऱ’ येईल. हाच ‘ऱ’, पुढे हलन्त आणि मग ‘या’ जोडले की आपला हरवलेला ‘ऱ्या’ तयार! मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू असेल तर शिफ्टसह जे दाबल्यावर ‘ऱ’ आणि शिफ्टसह एन दाबल्यावर ‘ळ’ मिळतो. रोज मराठी लिहिणाऱ्याने हीच सवय लावून घ्यावी, असे मला वाटते. दर वेळी पाटी उघडत बसणे कंटाळवाणे होते.

रुपयाच्या चिन्हाची (₹) गोष्ट तर अगदी अलीकडची. हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी तयार केले. त्यात देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ आहे. भारत सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडने त्याला क्रमांक दिला. वर्डमध्ये ऑल्ट दाबून धरून ८३७७ दाबले की ते उमटते.

तुमच्या उर्दूच्या पुस्तकातही अशी खास चिन्हे आहेत. शायराच्या तखल्लुसवर एक छोटी वक्र रेघ असते. शेराचा एकच मिसरा द्यायचा असेल तर त्याच्या आधी एक खूण करतात. सनाच्या आकड्याखाली लांब रेघ ओढतात. या सर्वांना २००३ साली युनिकोडच्या चौथ्या आवृत्तीत जागा मिळाली. तखल्लुसच्या चिन्हाचा क्रमांक आहे ०६१४. पैगंबरांच्या नावानंतर येणारे संपूर्ण दुआवाक्यही एकाच चिन्हात बसवलेले आहे. त्याचा क्रमांक वेगळा आहे. तो कॅरॅक्टर मॅपमध्ये तुम्हीच शोधून काढा.

येथे दोन ठिकाणी सावध राहायला हवे. पहिले ठिकाण म्हणजे विंगडिंग्जसारखे चित्रांचे फाँट. त्यात इंग्रजी जे लिहिले की हसरा चेहरा दिसतो. चेहरा छान असतो, पण आतला क्रमांक जे या अक्षराचाच राहतो. असे पत्र विंगडिंग्ज नसलेल्या संगणकावर गेले की हसरा चेहरा नाहीसा होतो आणि वाक्याच्या शेवटी एकटा जे उरतो. म्हणून चित्रही शक्यतो युनिकोडमधूनच घ्यावे.

दुसरे ठिकाण अधिक फसवे आहे. अरबीतील ‘काफ’ आणि उर्दूतील ‘काफ’ यांचे क्रमांक वेगळे आहेत. ‘ये’चेही तसेच. शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये ही अक्षरे डोळ्यांना अगदी सारखी दिसतात. समजा, कोणी हजेरीपटात ‘करीम’ हे नाव अरबी कळफलकावर लिहिले आणि तुम्ही ते उर्दू कळफलकावर लिहून शोधले. नाव समोर पडद्यावर दिसत असेल, तरी संगणक म्हणेल, असे नाव यादीत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले तर त्या करीमने काय करावे? म्हणून उर्दू लिहिण्यापूर्वी कळफलक उर्दूचाच निवडला आहे ना, हे पाहून घ्या. शंका आली तर वर्डमध्ये त्या अक्षराच्या मागे खूण ठेवून ऑल्ट व एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. तो ०६४३ असेल तर ते अरबी काफ आहे. पुन्हा त्याच कळा दाबल्या की अक्षर परत येते.

शब्दार्थ
कळफलक – ज्यावर टाइप करतात ती कळांची पाटी
वळण – अक्षर लिहिण्याची पद्धत
आचारी – स्वयंपाक करणारा
टिचकी मारणे – येथे अर्थ : माऊसचे बटण एकदा दाबणे

स्वाध्याय
१. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द तुमच्या वाक्यांत वापरा.
२. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन का दिसतो?
३. ‘करीम’ हे नाव यादीत असूनही संगणकाला का सापडले नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘पायरी’, ‘वारी’, ‘सुरी’ या शब्दांची अनेकवचने वहीत लिहा आणि नंतर तीच संगणकावर लिहून पाहा.
५. तुमच्या उर्दूच्या पुस्तकातून कळफलकावर न दिसणारी तीन चिन्हे शोधा व कॅरॅक्टर मॅपमधून त्यांचे क्रमांक टिपून घ्या.