गरोदरपणातील साखर : पतिपत्नी दोघांनी समजून घ्यावी अशी गोष्ट



नेऱ्यात काय किंवा मुळशीतल्या कुठल्याही गावात काय, सुनेला दिवस गेले की वडील माणसे म्हणतात, "आता दोन जिवांचं खा." त्यात माया असते. पण गरोदर बाईच्या रक्तातली साखर वाढली असेल, तर नुसते जास्त खाऊन भागत नाही. काय खायचे तेही बघावे लागते.

साखर वाढते कशाने? पोटातली वार काही रस तयार करते. त्यांच्यामुळे आईच्या अंगातले इन्शुलिन नीट चालत नाही. पुष्कळ बायकांचे शरीर जादा इन्शुलिन करून निभावते, काहींचे निभत नाही. तेव्हा "माहेराहूनच घेऊन आली" असे कोणी म्हणू नये. घराण्यात मधुमेह असला तर धोका वाढतो खरा, पण तो तिचा गुन्हा नव्हे.

आम्ही राबणारी, सडपातळ माणसे, आम्हाला कसला मधुमेह? असेही लोक विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बारीक बाळांच्या कातडीखाली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. तेव्हा अंगकाठीवर भरवसा ठेवू नका.

या आजारात बहुधा काहीच जाणवत नाही. तपासणी हाच उपाय. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशी जायला नको. साखर १४० किंवा जास्त भरली, तर उपचार हवा. ही तपासणी नाव नोंदवताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी. पहिली चांगली आली म्हणून दुसरी चुकवू नका, कारण वारेचा जोर पुढेच वाढतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. दोन तास बसावे लागते, म्हणून धन्यानेही सोबत जावे.

दुर्लक्ष केले तर? आईची जादा साखर बाळाकडे जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपणात खांदा अडू शकतो, जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते. म्हणून बाळंतपण रुग्णालयातच करा आणि पहिल्या तासात अंगावर पाजा.

आंबेमोहोराचा भात सोडायचा का? नाही, वाटीभर घ्या. सोबत भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असू द्या. थोडे थोडे, वेळेवर खा. चहात साखर नको. उपास मुळीच नको. साबुदाण्याने साखर चढते. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज अर्धा तास चालावे. दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली नाही, तर डॉक्टर गोळी किंवा इन्शुलिन देतात. इन्शुलिनची सुई लागली म्हणून बाळाला अपाय होत नाही.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते. तरी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, आणि पुढेही दरवर्षी तपासत जा. कारण अशा बाईला कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. पुढचे मूल तीन वर्षे तरी लांबवा. तांबी बाळंतपणानंतर लगेचही बसवता येते. मग पुन्हा दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत नर्सबाईंना सांगा, "मागच्या खेपेला साखर होती."