ओढ्यातले जबडे

१. जबडा बिबट्याचा, हे सगळ्यात शेवटी धरावं. घोडनदीच्या खोऱ्यात ओढ्याकाठी जबडा दिसला की बरोबरचं पोरगं 'वाघ!' म्हणून मोकळं होतं. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबटे आहेतच. पण पुराबरोबर येतात ती बहुतेक गुरं, शेरडं आणि कुत्री.

२. दात कुठे नाहीत ते आधी बघा. वरचा जबडा पुढून बोडका, म्हणजे जनावर रवंथ करणारं: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण. वरही पुढचे दात आणि मागे उंच, चौकोनी दाढा, तर घोडा किंवा गाढव.

३. सुटी दाढही पुष्कळ बोलते. गाईच्या दाढेत दोन पाकळ्यांच्या बेचक्यात इनॅमलचा बारीक खांब असतो. दाढ झिजली की माथ्यावर त्याचं इवलंसं कडं दिसतं. शेळी-मेंढीला तो नसतो. (शेळी की मेंढी, हे एका दाढेवरून सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.) गुराच्या खालच्या जबड्यातली शेवटची दाढ तीन पाकळ्यांची. तीन पाकळ्यांचा दात तिच्या बऱ्याच पुढे, दाढांत पुढून तिसऱ्या जागी दिसला, तर ती दुधाची दाढ. जनावर कोवळं होतं.

४. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हा पुढच्या दातांवरून वय सांगणारा बाजारातला हिशेब इथे फारसा चालत नाही. बैलाला पहिले दोन पक्के दात दोन-अडीच वर्षांनी येतात खरे, पण एकाच मुळाचे ते पुढचे दात पाण्यात आधी गळतात. हाती खळगेच लागतात.

५. सुळा बघून हुरळू नका, त्याच्या मागे मोजा. कुत्र्याला खालच्या जबड्यात सुळ्यामागे एका बाजूला सात दात. मांस कापणाऱ्या मोठ्या दाढेच्याही मागे दोन लहान, बोथट दाढा. बिबट्याला तीनच, आणि कापणारी दाढ शेवटची. तरसाला चार, हाडं फोडायला जाडजूड. बिबट्याचा निघाला तर खिशात घालू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो सरकारचा. ४८ तासांत कळवावं लागतं.

६. गाठीगाठींची बुटकी दाढ सापडली की गावात माणसाच्या दाताची आवई उठते. बहुधा डुकराची असते. शेवटची दाढ चांगलीच लांबट असेल तर शंकाच नको.

७. काळा रंग म्हणजे जुनं हाड, हे डोक्यातून काढा. चिखलातलं लोह आणि मँगनीज थोड्या वर्षांत हाड काळं करतात. घोडनदीकाठीच इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही गुरांची हाडं निघाली. त्यांचं वय ठरलं ते ज्या थरात ती होती त्यावरून. म्हणून काठाच्या मातीत रुतलेला जबडा उपसू नका. फोटो काढून तसाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

८. मांस-कातडं लागलेल्या मढ्याला हात लावू नका. काळपुळीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मांस-कातडं नसलेला, स्वच्छ जबडा असेल तर हातमोजे घालून घ्यावा आणि सावलीत हळूहळू वाळवावा. उन्हात टाकला की दाढा उभ्या तडकतात.