काटा खोटं बोलतो तेव्हा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरकरांना बोटीची किंमत कळली. भर प्रवाहात इंजिन तापलं आणि टेंपरेचर मीटर नॉर्मलच दाखवत राहिला, तर बोटीतल्या माणसांचं काय?

मित्रांनो, सगळे काटे एकदम चुकत असतील तर मीटर बदलू नका, आधी अर्थिंग बघा. किल्ली ऑन करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थ टर्मिनलला. रीडिंग जवळजवळ शून्य हवं. अर्धा व्होल्ट आला, तर जोड गंजलाय किंवा ढिला आहे. घासा, घट्ट करा.

एकच काटा चुकतोय? त्याच्या एकवायरी सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवा. काटा या टोकाहून त्या टोकाला गेला, तर मीटर व वायर ठीक. दोष बहुधा सेन्सरचा.

हे सगळं मे महिन्यातच उरकावं. पुरात वायर शोधायला वेळ नसतो.