कोणता क्लास लावायचा?

दहावीचा निकाल लागला की सदाशिव पेठेपासून वाघोलीपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो: क्लास कोणता लावला? आता समजा, कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी पाच पोरं जेवणाच्या टेबलाला चिकटून बसली आहेत. मध्ये अप्पा बळवंत चौकातून आणलेला आलेख कागद आणि लुडोच्या डब्यातून पळवलेले फासे. आतमध्ये आईला ऐकू येतं, ‘‘मी चोर होणार. माझं ठरलंय.’’ पोळी करपते ती अशा वेळी.

पोळी उलटावी आणि पुढचं वाचावं. हा क्लास वेगळा आहे. त्याची फी नाही, टेस्ट सिरीज नाही, पण प्रवेशाचं गणित मात्र अकरावीइतकंच किचकट आहे.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून बाजारात आणला. एक जण सूत्रधार होतो, त्याला डीएम म्हणतात. तो भुयारं, खजिने आणि राक्षस सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन आत उतरतात आणि काय करणार ते तोंडाने सांगतात. पात्राचा जो पेशा, तोच त्याचा ‘क्लास’. सुरुवातीला शाखा तीनच होत्या: फायटर म्हणजे लढवय्या, मॅजिक-यूजर म्हणजे मांत्रिक आणि क्लेरिक म्हणजे हातात गदा घेतलेला पुजारी. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स म्हणा हवं तर. चोराची, म्हणजे थीफची, शाखा १९७५ मध्ये निघाली.

पुढे नियमांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या आल्या. जुन्या वळणाने खेळणारे मात्र बहुधा टॉम मोल्डवे आणि डेव्हिड कुक यांच्या १९८१ च्या पुस्तिकांना धरून राहतात. त्याच नियमांची नीट मांडणी ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ या पुस्तकात मिळते. त्याच वळणाचा ‘बेसिक फँटसी’ हा खेळ तर पीडीएफमध्ये फुकट आहे. खर्चाची चिंता असलेल्या पालकांनी हे नाव लिहून ठेवावं.

या पद्धतीत आवड नंतर येते, आधी फासे. आपल्याकडे उलटं आहे. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली, आणि शेती, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतला मुलाचा ओढा अहवालातून घरी कळायचा. ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत मुलांच्या बुद्धीच्या पैलूंच्या चाचण्या होतात, त्याही मुलाशी बोलून, त्याला वेळ देऊन. खेळात मात्र तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि आलेली बेरीज क्रमाने लिहायची: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. क्रम बदलायचा नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नाही. जवळजवळ निम्म्या वेळा बेरीज ९ ते १२ च्या मध्येच पडते, आणि १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक.

प्रत्येक क्लासचा एक मुख्य गुण असतो. लढवय्याला ताकद, मांत्रिकाला बुद्धी, पुजाऱ्याला शहाणपण, चोराला चपळाई. तो गुण १३ किंवा वर असेल तर अनुभवाच्या गुणांत, म्हणजे एक्सपीत, पाच टक्के वाढ मिळते, आणि १६ पासून पुढे दहा टक्के. कमी असला म्हणून प्रवेश नाकारत नाहीत, पण ८ किंवा त्याखाली कपात सुरू होते.

समजा मुलाचे फासे असे पडले: ताकद ९, बुद्धी १३, शहाणपण १२, चपळाई १४, काटकपणा ७, छाप १०. बाबांची इच्छा लढवय्या. मोल्डवेच्या नियमांत त्याचीही सोय आहे, तिला खुशाल कोचिंग म्हणावं: दुसऱ्या गुणातले दोन काढून मुख्य गुणात एक घालता येतो. मात्र ज्यातून काढायचे तो गुण ९ च्या खाली न्यायचा नाही, आणि काटकपणा, छाप, चपळाई यांतून काढायचंच नाही. म्हणजे बुद्धी १३ वरून ९ वर आणली की ताकदीत दोन वाढले. शहाणपण १२ वरून १० वर आणलं, आणखी एक वाढला. ताकद झाली १२. बोनस १३ ला सुरू होतो. पोराची अक्कल गहाण टाकली आणि एका मार्काने हुकलं! हा प्रकार ज्या घरांत घडून गेलाय, त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

मग हा मुलगा काय होऊ शकतो? बुद्धी १३ आहे, मांत्रिक व्हावं असं त्यालाही वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. पण या शाखेचं पहिलं वर्ष फार वाईट. चिलखत घालायला बंदी, हत्यार म्हणून एक खंजीर, आणि दिवसभरात मंत्र एकच. तो म्हणून झाला की उरलेला दिवस कंदील धरायचा. जिवाचे गुण, म्हणजे एचपी, चार बाजूंच्या फाशावर ठरतात. काटकपणा ७ असल्यामुळे त्यातून एक वजा, मात्र एकाच्या खाली जात नाही. म्हणजे या मुलाचा एचपी एकच असण्याची शक्यता बरोबर निम्मी. गॉब्लिनच्या पहिल्या फटक्यात निकाल. जगला तर गोष्ट वेगळी: वीस हजार एक्सपी जमले की तो पाचव्या पातळीवर पोचतो, फायरबॉल टाकतो, आणि तोवर त्याच्या कंदिलावरून चेष्टा करणारे सगळे त्याच्या मागे उभे राहतात. सीएच्या अभ्यासासारखंच आहे हे. शेवटपर्यंत टिकणारे थोडे, टिकतात त्यांना घरात मान.

लढवय्याला आठ बाजूंचा फासा, हवं ते चिलखत, हवं ते हत्यार. पहिल्याच पातळीवर त्याला पुस्तकात ‘व्हेटरन’ अशी पदवी दिली आहे, नोकरीच्या पहिल्या दिवशी ‘वरिष्ठ’ म्हणावं तशी. काम सोपं, नेहमीचं आणि गरजेचं. फार लिहिण्यासारखं त्यात नाही, हीच त्याची जमेची बाजू.

पुजारी कुणालाच व्हायचं नसतं आणि प्रत्येक टोळीला तो हवा असतो. या नियमांत पहिल्या पातळीवर त्याला एकही मंत्र मिळत नाही. पण सांगाडे समोर आले की तो देवाचं नाव घेऊन त्यांना पळवू शकतो: दोन फाशांवर सात किंवा वर, म्हणजे दहापैकी जवळपास सहा वेळा. शिवाय चिलखत कुठलंही चालतं, आणि दुसऱ्या पातळीला फक्त १५०० एक्सपी लागतात, मांत्रिकाला २५०० लागतात तिथे. मागणी जास्त, स्पर्धा कमी. जाता जाता: १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षसही आहे, वाघाच्या डोक्याचा, तळवे उलटे असलेला. त्याच्यावर हमखास उपाय काय, तर पुजाऱ्याने मंतरलेला क्रॉसबोचा बाण. आजीला विचारलं असतं तर तिने दुसरं काही सांगितलं असतं.

आता चोर. चपळाई १४ असल्यामुळे आपल्या मुलाचा कौल इथेच पडतो. पालकांनी ‘चोर’ हा शब्द क्षणभर बाजूला ठेवावा आणि बहिर्जी नाईक आठवावेत. किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा: कुठेही शिरतो, कशावरही चढतो, दाराआडून ऐकतो आणि वेळेवर पळतो. हीच ही शाखा. बढतीही सर्वांत लवकर, १२०० एक्सपीला दुसरी पातळी. हे एक्सपी मारामारीपेक्षा खजिन्यातून जास्त येतात, एका सोन्याच्या नाण्याला एक, त्यामुळे न लढता माल घेऊन बाहेर पडणारा शहाणा ठरतो.

पण माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचावीत. नवख्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा ओळखण्याची १०, लपण्याची १०. एकच गोष्ट त्याला खरोखर येते: कडा चढणं, ८७ टक्के. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजीचे मावळे कोंढाण्याचा कडा चढले, तसा शंभर फुटांचा कडा या चोरासमोर ठेवा. नियम सांगतो की हुकलं तर निम्म्या उंचीवरून पडतो, आणि दर दहा फुटांना एक फासा इजा. पन्नास फूट म्हणजे पाच फासे, कमीत कमी पाच. आपल्या मुलाचा एचपी फार तर तीन. म्हणजे उरलेल्या १३ टक्क्यांत दवाखान्याचा प्रश्नच येत नाही. चढावं, पण आधी दोर कुणाकडे आहे ते विचारावं.

‘पॅलाडिनच व्हायचं’ म्हणणारा एखादा भेटतोच. हा १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधला क्लास. कटऑफ: छाप किमान १७, शिवाय ताकद १२, शहाणपण १३ वगैरे. तीन फाशांवर १७ किंवा वर शंभरात दोनदाही येत नाही. सीओईपीची कॉम्प्युटरची जागा बरी म्हणायची.

शाखा बंदही पडतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतले पालक या खेळाला फार घाबरले, १९८३ मध्ये त्याच्या विरोधात संघटनाही उभी राहिली. १९८९ च्या आवृत्तीतून मारेकऱ्याचा क्लास वगळला गेला. चोर राहिला.

सल्ला विचाराल तर या मुलाने चोर व्हावं, मात्र टेबलावर आधीच दोन चोर नाहीत ना ते बघून. चार चोर आणि एक मांत्रिक अशी टोळी पहिल्या दारापाशीच अडकते. चुकलं तर वर्ष वाया जात नाही. नवं पात्र बनवायला दहा मिनिटं पुरतात आणि पोरं त्याच दुपारी पुन्हा भुयारात उतरतात. पालकांनी पहिल्या रविवारी सोबत एक खोडरबर आणि दोन कोरे कागद द्यावेत. मुलगा मांत्रिकच व्हायचं म्हणून हटून बसला असेल तर चार.