चोळू नका, लावा

मेडिकलच्या दुकानात ताप-खोकल्याच्या औषधाला लोक चार प्रश्न विचारतात. दुखण्याच्या ट्यूबला एकही नाही. ती साबणासारखी मागतात आणि साबणासारखी वापरतात. पुढच्या संवादातले काका एसटीचे निवृत्त चालक, महाड डेपोचे. मानसी बी. फार्म. करून वडिलांचं दुकान चालवणारी. वेळ दुपारची, गिऱ्हाईक नसण्याची.

काका : मानसी, गुडघ्याची ट्यूब दे गं एक. कुठलीही दे, सगळ्या सारख्याच.

मानसी : आधीची संपली?

काका : गणपतीत नेली होती, अजून बोटभर उरलीय. पण तिच्यात दम राहिला नाही. पूर्वी लावली की कशी आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं.

मानसी : काका, दिवाळी होऊन गेली. ३० ग्रॅमची ट्यूब एवढे दिवस पुरली, म्हणजे तुम्ही औषध लावलंच नाहीत, नुसता वास लावलात. आणि आग होण्याचा नि गुण येण्याचा तसा संबंध नाही.

काका : हे नवीनच. आग झाली नाही तर कळणार कसं, लागलं की नाही ते?

मानसी : हे बघा, ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरात काय लिहिलंय. डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के. मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के. मेन्थॉल ५ टक्के. शिवाय जवसाचं तेल. सूज उतरवायचं मुख्य काम पहिल्याचं, आणि ते कातडीला काहीच जाणवू देत नाही. गार-गरम वाटतं ते मेन्थॉल आणि सॅलिसिलेटमुळे. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेन्थॉल चाळवतं, मेंदूला वाटतं गारवा आला, आणि दुखण्यावरचं लक्ष थोडा वेळ उडतं.

काका : म्हणजे फसवणूक.

मानसी : फसवणूक कशाला? बरं वाटतं हेही खरंच. पण त्यावरून औषधाची ताकद मोजू नका. उलट फार आग झाली, फोड आला, तर लगेच धुऊन टाकायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला होता, अशा मेन्थॉल-सॅलिसिलेटवाल्या मलमांनी काही जणांची कातडी चक्क भाजली म्हणून.

काका : बरं, मग ते मुकं औषध करतं काय?

मानसी : सांधा दुखावला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. सूज, लाली, ठणका त्यांच्यामुळे. ती बनवणाऱ्या विकराला डायक्लोफेनॅक अडवतं. ॲस्पिरिन असंच काम करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ चं नोबेल मिळालं त्यांना. गोम अशी की हीच रसायनं जठराच्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात आणि मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. गोळी घेतली की ती रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्याचं दुखणं कमी होतं, पण पोटाचं आणि मूत्रपिंडाचं संरक्षणही जातं.

काका : डायक्लोफेनॅक… हे गिधाडांचं औषध ना? आम्ही म्हसळा-श्रीवर्धनच्या गाड्या न्यायचो तेव्हा आभाळात गिधाडं असायची. मग दिसेनाशी झाली. पेपरात हेच नाव यायचं.

मानसी : तेच. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक, ते गुरू मेलं की गिधाडांच्या पोटात. त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर जमायचे. कारण कळलं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. तोवर आपल्याकडची काही जातींची गिधाडं ९७ टक्क्यांहून अधिक संपली होती. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी बंदी घातली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायच्याच, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरची करायला लावली.

काका : आणि तेच तू मला विकतेस.

मानसी : माणसाचं शरीर हे औषध काही तासांत मोडून बाहेर टाकतं, गिधाडाला ते जमत नाही. पण मूत्रपिंडाशी या औषधाचं वाकडं आहे, एवढं लक्षात असू द्या. म्हणूनच तर गुडघ्याला गोळीपेक्षा जेल बरं म्हणते मी. एका गुडघ्याला पूर्ण मात्रेत लावलं तरी रक्तात जातं ते गोळ्यांच्या मानाने साधारण ६ टक्के. सांध्याभोवती मात्र पुरेसं पोचतं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही गुडघ्याच्या झिजेला आधी जेल द्या, गोळी नंतर, असाच क्रम आहे.

काका : खरं सांग, गुण येतो? तुझं दुकान आहे म्हणून नको सांगूस.

मानसी : पाय मुरगळला, स्नायू लचकला, अशा ताज्या दुखापतीला उत्तम येतो. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर डायक्लोफेनॅकचं जेल लावलेल्या १०० जणांपैकी ७८ जणांचं दुखणं आठवड्याभरात चांगलं उतरलं. औषध नसलेलं तसंच दिसणारं जेल लावलेल्यांत २० जणांचं. झिजलेल्या गुडघ्याला मात्र फरक कमी. औषधवाल्यांत ६०, बिनऔषधवाल्यांत ५०.

काका : दहाचाच फरक? मग मी कशाला पैसे घालवू?

मानसी : पन्नास जणांना नुसत्या लावण्यानेही बरं वाटतं, हे काही वाईट नाही. पण तुम्ही त्या जादाच्या दहांत आहात की नाही, हे वापरल्याशिवाय कळायचं नाही. आणि वापरायचं म्हणजे नीट वापरायचं. दोन-तीन आठवडे पूर्ण मात्रेत करून बघा. फरक नसेल तर सोडा, डॉक्टरांकडे जा. वर्षभर कधीतरी बोटभर लावत राहणं हा सगळ्यात महागडा प्रकार.

काका : पूर्ण मात्रा म्हणजे किती?

मानसी : नुसतं १ टक्का डायक्लोफेनॅकवालं जेल अमेरिकेत मिळतं, त्याच्या खोक्यात मापाची पट्टी येते. गुडघा, घोटा, पाऊल यांना एका वेळी ४ ग्रॅम, म्हणजे साडेचार इंचांची रेघ. मनगट, कोपर, हात यांना त्याच्या निम्मं. दिवसातून चार वेळा. आपल्याकडचं १.१६ टक्के हे ताकदीने त्याच्याएवढंच, क्षार वेगळा म्हणून आकडा वेगळा. पण आपल्याकडच्या बहुतेक ट्यूबांत सॅलिसिलेट-मेन्थॉलही घातलेलं असतं. तसल्या ट्यूबची साडेचार इंचांची रेघ ओढू नका, तिच्यावर जेवढं नि जितक्या वेळा लिहिलंय तेवढंच. तुमच्यासाठी मी नुसतं डायक्लोफेनॅकवालं काढेन. आग होणार नाही, रागावू नका.

काका : आणि मग बायको अर्धा तास चोळून देते, वर पट्टा बांधते, रात्री गरम पाण्याची पिशवी.

मानसी : काकूंना सांगा, तिन्ही बंद! चोळायचं नाही, सगळ्या गुडघ्यावर, पुढे-मागे, हलक्या हाताने पसरायचं. पट्टा किंवा घट्ट बँडेज वर बांधलं, किंवा शेक दिला, की औषध ठरल्यापेक्षा जास्त आत जातं आणि कातडीही पोळते. शेकायचंच असेल तर वेगळ्या वेळी, कातडी धुऊन. लावल्यावर दहा मिनिटं पँट-पायजमा वर असू द्या, तासभर आंघोळ नको. हात साबणाने धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्यात जातं. दुखणं हाताचंच असेल तर मात्र तासभर धुवायचा नाही, औषध वाहून जाईल.

काका : जखमेवर?

मानसी : नाही. खरचटलेलं, इसब, गळू, कशावरच नाही. आणि लावलेल्या जागेवर कडक ऊन नको, पुरळ उठतं. केटोप्रोफेन नावाचं याच घराण्यातलं एक जेल आहे, ते वापरणं थांबवल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकायला सांगतात.

काका : कंबरेला लावलं तर? ड्रायव्हरची कंबर म्हणजे…

मानसी : कंबर नि खुबा खोल असतात, तिथवर पुरेसं पोचत नाही. हे औषध कातडीजवळच्या सांध्यांचं. गुडघा, घोटा, मनगट, बोटं.

काका : माझ्या नातीचा पाय मुरगळला परवा, खो-खो खेळताना. तिला लावली होती थोडी ट्यूब.

मानसी : वय?

काका : नऊ.

मानसी : नका लावू. ब्रिटनमध्ये चौदाच्या आत मनाने देत नाहीत, अमेरिकेत अठराच्या. बर्फाचा शेक द्या, पाय उंच ठेवा. पाय टेकवत नसेल तर एक्स-रे. आणि ट्यूब तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. सॅलिसिलेटचं तेल, विंटरग्रीन म्हणतात ते, चमचाभर जरी मुलाच्या पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं.

काका : पोटात गेलं तर गं. वरून लावलेलं काय करणार?

मानसी : २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळेतली एक धावपटू मुलगी दगावली. सतरा वर्षांची. शवविच्छेदनात मिथाइल सॅलिसिलेटची विषबाधा निघाली. दुखऱ्या स्नायूंवर ती एकाच वेळी अनेक मलमं भरपूर वापरत होती. असं फार क्वचित होतं. पण सकाळी बाम, दुपारी स्प्रे, रात्री जेल, हा आपल्याकडे घरोघरचा क्रम आहे. तिन्हींत बरेचदा तेच असतं.

काका : आमच्याकडेही.

मानसी : मांजर पाळलंय का तुम्ही?

काका : दोन. का?

मानसी : लावलेला गुडघा चाटू देऊ नका. याच जातीचं एक औषध मालकाने अंगाला लावलं आणि घरातली मांजरं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, अशा घटना अमेरिकेत नोंदल्या आहेत.

काका : अरे देवा. आणखी कुणी लावू नये ते सांग, घरी गेल्यावर सगळे विचारतील.

मानसी : ॲस्पिरिन किंवा कुठल्याही वेदनाशामक गोळीने ज्यांना दमा उसळला, अंगावर गांधी उठल्या, त्यांनी अजिबात नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहीच, बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. पोटात अल्सर होऊन गेलाय, मूत्रपिंड कमजोर आहे, हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी विचारायचं.

काका : माझ्या मेव्हण्याची झडप बदललीय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तोही बाम चोळतो.

मानसी : वॉरफेरिन असेल तर बाम त्याला सांगून बंद करा. कातडीतून गेलेल्या सॅलिसिलेटनेही रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव झाल्याचे दाखले आहेत. आणि बामावरून आठवलं. छातीत, डाव्या खांद्यात, जबड्यात दुखतंय, घाम फुटलाय, आणि घरचे गॅस झाला म्हणून मलम चोळत बसलेत, हे इथे दर वर्षी ऐकते मी. त्या अर्ध्या तासात माणूस दवाखान्यात पोचला असता. पोटरी एकाच पायाची सुजली, गरम झाली, तीही चोळायची नाही, आत रक्ताची गाठ असू शकते. सांधा लाल होऊन ताप आला, तर तिथे जेलचं काम नाही. बरं, तुम्हाला गोळ्या कुठल्या चालू आहेत?

काका : बीपीची एक. नाव कुठलं लक्षात राहतंय.

मानसी : काकूंना सांगा, डब्यातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवायला. सगळ्या म्हणजे सगळ्या.

*(काकूंना फोन झाला. फोटो यायला वेळ लागला, कारण पहिले दोन फोटो छताचे आले.)*

मानसी : ही बीपीची. तेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, दोन औषधं एकात. दुसरं लघवीवाटे पाणी काढणारं. आणि हे पाकीट? ॲसिक्लोफेनॅक नि पॅरासिटामॉल?

काका : ती गुडघ्याची. दुसऱ्या एका दुकानातून आणतो. रात्री जेवून एक, झोप लागते.

मानसी : किती दिवस?

काका : पावसाळ्यापासून.

मानसी : काका, तासभर आपण ट्यूबवर बोलतोय आणि घोळ इथे आहे. ॲसिक्लोफेनॅक शरीरात गेल्यावर थोडं डायक्लोफेनॅकच होतं. मूत्रपिंडात रक्त येण्याची वाट असते, जाण्याची असते. ही गोळी येण्याची वाट आवळते. तेल्मिसार्टन जाण्याची सैल करतं. तिसरं अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही मिळून गाळणीवरचा दाबच जातो. त्यातच जुलाब-उलट्या झाल्या, किंवा उन्हातान्हात पाणी कमी प्यालात, तर मूत्रपिंड दोन दिवसांत बसू शकतं. क्रिएटिनिन कधी तपासलंत?

काका : ते काय असतं?

मानसी : रक्ताची साधी तपासणी. सकाळी डॉक्टरांकडे जा, ही सगळी पाकिटं पिशवीत घालून. त्यांना सांगा, पावसाळ्यापासून रोज एक घेतोय, लाजू नका. ही रात्रीची गोळी आजपासून घेऊ नका. बीपीची मात्र मनाने थांबवायची नाही.

काका : आणि ट्यूब?

मानसी : रिपोर्ट दाखवा, डॉक्टर हो म्हणाले की देते. मधले दोन दिवस खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी ताठ करून पाच आकडे मोजायचे, खाली. एका पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू गुडघ्याचा भार उचलतो, आणि याला चिठ्ठी लागत नाही.

काका : आणि झोप नाही लागली तर?

मानसी : तेही डॉक्टरांना सांगा. गोळीने दुखणं थांबत होतं की नुसती झोप लागत होती, ते त्यांना कळलं पाहिजे.