लाकडी पाठ, फायबरची पाठ आणि आमचा मे महिना

गिटार घ्यायची म्हटलं की आमच्या भागात पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा लगेच, ‘पूर्ण लाकडी आहे ना?’ दुकानदार ‘हो’ म्हणतो आणि घेणारा खूश होतो. या ‘हो’चे निदान तीन अर्थ असतात. सगळीकडे प्लायवूड, तेही लाकूडच. वरचा टॉप अखंड लाकडाचा आणि पाठ-बाजू प्लायच्या. किंवा टॉप, पाठ, बाजू सगळंच अखंड लाकूड. यातलं नेमकं काय आपल्या पदरात पडलं हे बहुतेकांना कधीच कळत नाही. आमच्या घरात ते कळलं, कारण गिटार तडकली.

आमचं गाव तामलवाडी. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर साधारण मधोमध आहे. गाडीतून जाणाऱ्यांना टोलनाक्यामुळे माहीत असते, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना विसाव्यामुळे. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी की दोरीवरचे कपडे बघता बघता खडखडीत होतात. गिटारच्या आवाजाबद्दल बोलताना हे आधी सांगायचं कारण, की या विषयावर बोलणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईचे किंवा परदेशातले असतात. त्यांची हवा वेगळी, त्यांचे सल्लेही त्या हवेतले.

घरात दोन गिटारी. एक माझी, जुनी, गोल पाठीची. पाठ फायबरची आणि टॉप लाकडाचा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाकडून घेतलेली. दुसरी पुतण्याची, पहिल्या पगारातून पुण्याहून आणलेली, सगळी अखंड लाकडाची. स्प्रूसचा टॉप आणि शिसवीची पाठ. त्याची बदली सोलापूरला झाली तशी ती तामलवाडीत आली आणि पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्या गिटारशेजारी टांगली गेली.

तडकण्याआधी तिने बऱ्याच खुणा केल्या होत्या. मार्चअखेरीस मानेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागली. धातू वाढत नाही. त्याच्याखालचं लाकूड आक्रसतं, म्हणून टोक बाहेर येतं. मग जाड तारा खरखरू लागल्या. साउंडहोलच्या जवळ टॉप किंचित खोल बसला होता. पट्टी आडवी ठेवून पाहिली की मधून उजेड दिसायचा. मे संपायच्या आत ब्रिजच्या मागे, लाकडाच्या रेषेतून, बोटभर लांबीची चीर गेली. शेजारच्या फायबरच्या पाठीला काही झालं नाही. पाठीला म्हणतोय मी. तिचा टॉप लाकडाचाच, त्यामुळे ॲक्शन, म्हणजे तारांची मानेवरची उंची, तिचीही बिघडली होती.

दुकानाला फोन केला. ‘हवामानाचा परिणाम आहे, वॉरंटीत बसत नाही.’ माणूस खोटं बोलत नव्हता, कागदावर तसंच लिहिलेलं होतं. विकताना मात्र ‘कुठे ठेवणार?’ एवढा एक प्रश्न त्याने विचारला नव्हता. सोलापुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी चिरेवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “आधी पाणी पाजा, मग जोडू.” म्हणजे गिटार ओलसर हवेत काही दिवस बंद ठेवायची, लाकूड फुगून चीर आपोआप मिटत आली की सरस घालायचा, आणि आतून लाकडाची छोटी ठिगळं लावायची. कोरड्या अवस्थेत चीर भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा उरत नाही आणि शेजारी दुसरी चीर पडते. हे शहाणपण फुकट मिळालं. दुरुस्तीचे पैसे पडले.

आता आवाजाचं. चीर जोडून आल्यावर दोन्ही गिटारींना एकाच पाकिटातल्या, एकाच जाडीच्या नव्या तारा लावल्या. तुलना करायची तर हे पहिलं काम. जुन्या तारांची गिटार आणि नव्या तारांची गिटार शेजारी ठेवून लाकडाबद्दल मत देणारे पुष्कळ भेटतात. ते तारांबद्दल बोलत असतात. पुतण्याला पडद्यामागे बसवलं. ऐकायला घरची मंडळी आणि गल्लीतले एक म्हातारे गोंधळी. त्यांचं आयुष्य संबळ आणि तुणतुण्यात गेलेलं, गिटारशी देणंघेणं नाही, म्हणून मुद्दाम बोलावले.

सगळ्या तारा झोडून ठेका धरला तेव्हा कोणालाच सांगता येईना. बायकोने फायबरवालीला लाकडी ठरवलं, मी स्वतः एकदा चुकलो, एकदा जमलं. मग पुतण्याने सर्वांत जाड तार एकटी छेडली आणि विरेपर्यंत थांबला. इथे फरक आला. लाकडी गिटारचा खर्ज रुंद होता आणि विरतानाही त्याखाली एक भरणा जाणवायचा. गोल पाठीचा आवाज पुढे यायचा, चटकन यायचा, वरच्या तारांत टणक होता आणि खाली हात आखडता. गोंधळीबाबा मला म्हणाले, “गुरुजी, ही घरात बोलायची आहे आणि ती रानात.” त्यांना कोणती कुठली हे ठाऊक नव्हतं. ‘रानातली’ म्हणजे फायबरची. पुढे गिटारी अंगणात नेल्या, रस्त्यावरून ट्रक चालले होते, आणि तिथे त्यांनाही फरक सांगता आला नाही.

आणखी एक प्रयोग कोणीही करून पाहावा. लाकडी गिटार पोटाला टेकवून एक तार छेडा, मग पाठ पोटापासून चार बोटं दूर धरून तीच तार छेडा. आवाज मोकळा होतो. पाठ थरथरते आणि आपलं पोट ती दाबून धरतं. फायबरच्या गोल पाठीत हा फरक फार कमी, कारण ती मुळात फारशी थरथरत नाही. आवाज अडवून पुढे टाकते. म्हणजे शिसवी पाठीच्या ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, त्यातला काही भाग वाजवणाऱ्याच्या शर्टात जिरतो. सुटलेल्या पोटाच्या माझ्यासारख्यांच्या तर जास्तच.

पाठीपेक्षा टॉप महत्त्वाचा, हे काही मी शोधलेलं नाही. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने 1862 साली एक गिटार केली, तिचा टॉप स्प्रूसचा आणि पाठ-बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्याने घालून दिला त्या माणसाने हे सिद्ध करायला केलं होतं की आवाज टॉप आणि त्याखालच्या पट्ट्या ठरवतात. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अमेरिकेत चार्ल्स कामान नावाच्या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इंजिनिअरने 1966 च्या सुमारास ‘ओव्हेशन’ काढली आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या साहित्यातलं ज्ञान गिटारच्या पाठीला लावलं. माझी गिटार त्याच घराण्यातली, दूरची नातेवाईक. आणि 2018 साली इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या. टॉप सगळ्यांचा सारखा, पाठ-बाजू फक्त वेगवेगळ्या लाकडांच्या, महागड्या ब्राझिली शिसवीपासून स्वस्त लाकडापर्यंत. 52 गिटारवादकांनी त्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून वाजवल्या आणि आवाजाला दिलेले गुण सगळ्यांना जवळजवळ सारखेच पडले. हा प्रयोग लाकूड विरुद्ध लाकूड असा होता, लाकूड विरुद्ध फायबर नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. गोल फायबरचा फरक त्याहून जास्त असतो, कारण तिथे नुसतं साहित्य बदलत नाही, पोटातल्या हवेचा आकारही बदलतो. उथळ गोल पाठीत हवा कमी, म्हणून खर्ज आखूड. खोल पाठीची फायबर गिटार मिळाली तर निम्मी तक्रार मिटते.

तरी ‘लाकूड नाही म्हणजे नकली’ हे डोक्यातून जात नाही. अशा वेळी मी मिरजेचा तंबोरा पुढे करतो. त्याची तबली लाकडाची, पण पाठीला भोपळा. तो भोपळा आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पाठ लाकडाची नाही म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. उलट भोपळा चांगला असेल तर कारागीर त्याचंच कौतुक सांगतो. आणि शिसवीच्या पाठीचा तोरा मिरवणाऱ्यांना हेही सांगतो की अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने 1969 साली ब्राझिली शिसव सोडून भारतीय शिसव घेतली ती ब्राझीलचा माल मिळेनासा झाला म्हणून. आज त्याच भारतीय शिसवीच्या गिटारींना जुन्याजाणत्यांचा मान आहे.

सिंथेटिकमध्येही दोन जाती आहेत. एक माझ्यासारखी घडीव फायबरची गोल पाठ. दुसरी दिसायला हुबेहूब लाकडी, चपट्या पाठीची. दाबून घट्ट केलेले कागद आणि रेझिन, वर लाकडाच्या रेषांचा छापील फोटो. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली जो सनमायका असतो, तेच कूळ. मोठ्या नावाच्या कंपन्याही अशा गिटारी करतात आणि त्यात लपवाछपवी नसते, माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अशा पाठीवर अखंड स्प्रूसचा टॉप असेल तर गिटार बिनधास्त घ्यावी, शिकणाऱ्याला तर हमखास. टॉपही सनमायकाच्या जातीचा असेल तर मात्र आवाज गुदमरलेला राहतो, वर्षानुवर्षं वाजवली तरी उघडत नाही. ती प्रवासाला ठीक. आणि तिचा टवका उडाला की सुताराचा सरस तिथे धरत नाही. लाकडाची चीर जुळते, हिची जुळत नाही.

ओळखायचं कसं? साउंडहोलच्या कडेला बोट फिरवा आणि मोबाइलच्या उजेडात कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर टॉप अखंड. मध्येच आडवा थर दिसला तर प्लाय. पाठीसाठी आत डोकवा. बाहेरची नक्षी आत त्याच जागी दिसत नसेल तर प्लाय किंवा छापील. प्लायची पाठ असलेली ‘पूर्ण लाकडी’ गिटार आवाजाच्या हिशेबात सिंथेटिकच्याच जवळ बसते आणि ओलाव्याचा त्रास मात्र तिला थोडा असतोच. तेव्हा प्लायच्या पाठीसाठी ‘लाकडी’ म्हणून जादा पैसे मोजू नका.

मला विचाराल तर घरात, रात्री, टोलनाक्यावरची वर्दळ ओसरल्यावर वाजवायला मी पुतण्याचीच गिटार मागतो. कोजागरीला पदयात्रेकरूंच्या मंडपात देवीच्या गाण्यांना साथ करायची असते तेव्हा माझी नेतो. शेजारी संबळ आणि हलगी कडाडत असताना खर्जाचा भरणा कोण ऐकणार? पिन खोचली, माइकची शिट्टी येत नाही, धूळ पुसली, काम झालं. मांडीवरून घसरते हा तिचा एकच खोडसाळपणा, पट्टा लावला की तोही जातो.

अखंड लाकडाचीच हवी असेल तर आमच्याकडच्या हवेत तिला सांभाळायची तयारी ठेवा. मार्च ते जून ती भिंतीवर टांगायची नाही, पेटीत ठेवायची. पेटीत साबणाची डबी, झाकणाला भोकं, आत पिळून घेतलेला ओला स्पंज. पाणी गळता कामा नये. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, तेही पेटीत टाका. काटा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास असला की गिटार सुखात. पाण्याचा कूलर चालणारी खोली उन्हाळ्यात गिटारला मानवते, झोत थेट अंगावर नको एवढंच. एसी उलट हवा कोरडी करतो. पावसाळ्यात स्पंज काढून घ्या, नाहीतर टॉप फुगून ॲक्शन वर येते आणि मग लोक मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी सळई, पिळत बसतात.

फायबरची पाठ आहे म्हणून गाडीच्या डिकीत टाकून तुळजापूरला दर्शनाला जाऊ नका. उन्हात डिकी भट्टी होते, ब्रिजचा सरस मऊ पडतो आणि ताणलेल्या तारा ब्रिजला उचलतात. हे दोन्ही जातींना सारखंच.

खरेदीला जमल्यास एप्रिल-मेमध्ये जा, दिवाळीच्या सवलतीत नको. ज्या दुकानात एसी नाही तिथे उन्हाळाभर टांगलेली अखंड लाकडाची गिटार हातात घ्या, फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा, ब्रिजमागे बघा. टोचत नसेल, टॉप बसलेला नसेल, तर तिचं लाकूड नीट मुरलेलं आहे आणि ती आमच्या हवेत टिकेल. पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद मागून हवामानाची ओळ वाचा, आणि गिटार कोणत्या गावात, कशा खोलीत राहणार आहे ते दुकानदाराला आपणहून सांगा. त्यावर तो काय म्हणतो, ते बिलावर लिहून घ्या.